गाडी कशीय ते नंतर, आधी सोडणार कुठं ते विचारा

या खेपेला जी पत्रं आलीत त्यात सगळ्यात जास्त एकाच गोष्टीवर आहेत. सोलापुरातून हद्दीपलीकडं जायचंय, हैद्राबाद, बंगळूर, विजापूर, गुलबर्गा, तर गाडी कुठली धरायची. लग्नसराई चालूय, पोरं कॉलेज संपवून नोकरीला निघालीत, त्यामुळं साहजिकच आहे. मी एसटीत आधी वाहक होतो, नंतर वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवर बसलो, आता रिटायर झालोय तरी रोज संध्याकाळी स्टँडवर एक चक्कर असतेच, तेव्हा जे बघितलंय आणि अजून बघतोय त्यावरूनच सांगतो.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही अशोक चौकात राहतो. तेलंगणात सिरसिल्ल्याला मावसभावाचं लग्न आहे. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, शुगर पण आहे. मी, आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी अशा तिघीच जाणार. हैद्राबादपर्यंत रात्रीची स्लीपर करू का दिवसाची एसटी? ॲपवर स्लीपरचे फोटो लई छान दिसतात आणि पहाटे साडेतीनला पोचते लिहिलंय. मिस्टर म्हणतात स्लीपरच कर, आई झोपून जाईल.

ताई, तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय बघा, पहाटे साडेतीन. मला सगळ्यात आधी तेच दिसलं, फोटो नंतर.

सोलापूर ते हैद्राबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीची ट्रॅव्हल्स बऱ्याचदा पुण्याहून येते, सोलापुरात यायला तिला दहा-अकरा वाजतात, कधी बारा. म्हणजे तुम्ही साडेनऊपासून रस्त्याच्या कडेला बॅगा घेऊन उभ्या, गाडी आली की घाईघाईत चढायचं, आत आधीच झोपलेली माणसं, अंधार, आपला बर्थ शोधायचा, आडवं होईपर्यंत बारा, डोळा लागेपर्यंत एक, आणि तीनला क्लीनर ओरडत येणार पटणचेरू, पटणचेरू, म्हणजे हैद्राबादची वेस आली. आई झोपणार कधी हो? स्लीपर ही बारा तासाच्या रस्त्याला बरी, सहा-सात तासाच्या रस्त्याला झोप पण होत नाही आणि बसून गप्पा मारत गेल्याचं सुख पण नाही.

दुसरी गोष्ट उतरायची. मागच्या वर्षी मी आणि आमच्या मंडळी असंच गेलो होतो, नातवाचं बारसं होतं. तिकिटावर मियापूर लिहिलेलं, नाव सांगत नाही त्या ट्रॅव्हल्सचं, पण पावणेचारला त्यांनी आम्हाला त्याच्या बरंच अलीकडं एका पुलाखाली उतरवलं, म्हणाले गाडी पुढं आत जात नाही, इथून रिक्षा मिळते. मंडळींच्या हातात भाकरीचं गाठोडं, माझ्याकडं दोन बॅगा, पुलाखाली एक बंद चहाची टपरी आणि तिच्या फळीवर झोपलेलं कुत्रं, बाकी काही नाही. रिक्षावाला आला तो तेलुगूत आणि हिंदीत मिळून जे मागायला लागला ते आमच्या दोघांच्या तिकिटाच्या निम्मं होत होतं. मेट्रो सुरू व्हायला अजून दोन तास. आम्ही तिथंच बॅगेवर बसून उजाडायची वाट बघितली. मंडळी एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं, कारण तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो की कुठं उतरायचं ते विचारून घ्या आणि त्या दिवशी नेमकं मीच विचारलं नव्हतं.

तुमच्यासोबत आई आणि लहान मुलगी. तुम्ही दिवसाचीच धरा. सकाळी सात-आठची एसटी नाहीतर तेलंगणाच्या महामंडळाची गाडी, स्टँडवरून. त्यांची सुपर लक्झरी म्हणून असते, एसी नसते पण पुशबॅक सीट असते, आईला ती चांगली पडेल. राजधानी नावाची एसी पण आहे त्यांची, त्या दिवशी त्या वेळेला कुठली आहे ते स्टँडवर विचारा. स्टँडवरून सुटणाऱ्या गाडीचं मोठं सुख म्हणजे ती स्टँडवरच थांबते. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, जिथं जिथं ती आत शिरेल तिथं संडास-बाथरूम आहे, कसं का असेना पण आहे, आणि शुगरच्या माणसाला दर दीड-दोन तासाला ते लागतंच. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला एकच हॉल्ट, तो पण त्यांच्या ठरलेल्या ढाब्यावर, आणि मध्येच थांबवा म्हणायला आईला संकोच वाटणार. मग ती पाणीच पिणार नाही, हे मी शंभरदा बघितलंय, म्हाताऱ्या बायका गाडीत बसायच्या आधीपासून पाणी सोडतात. त्यानं शुगरवाल्याचं जास्त बिघडतं. आईच्या पिशवीत शेंगाचटणी-भाकरी असू दे, गोळीच्या वेळेला ढाब्याची वाट बघायला नको.

आणि सिरसिल्ल्याला जायचं म्हणजे हैद्राबादला उतरून काम संपत नाही. सिरसिल्ला-करीमनगरकडच्या गाड्या जेबीएस म्हणजे ज्युबिली बस स्टँडवरून सुटतात, ते सिकंदराबादला. आपली गाडी बहुतेक एमजीबीएस म्हणजे महात्मा गांधी बस स्टँडला जाते, त्यालाच जुने लोक इमलीबन म्हणतात. एमजीबीएसला मेट्रोचं स्टेशन स्टँडला लागूनच आहे आणि तिथून हिरवी लाइन सरळ जेबीएसपर्यंत जाते, बदलायची गरज नाही, लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, आईच्या गुडघ्याला त्रास नाही. रिक्षाच्या भानगडीत पडूच नका. जेबीएसवरून पुढं तीन-साडेतीन तास धरा. सकाळी सातला निघालात तर रात्रीच्या जेवणाला लग्नघरी. एका दिवसात एवढं बसणं आईला जड जाईल असं वाटलं तर हैद्राबादला कुणाकडं एक रात्र राहा, अशोक चौकातल्या माणसाला हैद्राबादेत नातेवाईक नाही असं होतच नाही.

तरी मिस्टरांचं म्हणणं असेल स्लीपरच, तर खालचा बर्थ, मधल्या भागातला, आणि तो बुक करताना नंबर बघून. वरच्या बर्थला जी शिडी असते ती दोन लोखंडी पायऱ्यांची असते, पाऊल आडवं ठेवायला पण जागा नसते, गुडघेदुखीच्या माणसाला चालत्या गाडीत त्यावरून उतरवणं म्हणजे पाडणंच आहे. शेवटच्या रांगेतला पण नको, मागचं चाक खड्ड्यात गेलं की तिथला माणूस उडतो.

प्रश्न : मी विडी घरकुलमधून लिहितेय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना? मग हैद्राबादला जाताना कंडक्टरनं अर्ध्यापेक्षा बरेच जास्त घेतले. विचारलं तर हद्दीचं कायतरी सांगितलं. फसवलं का?

नाही ताई, फसवलं नाही. एसटीची महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून आहे, पन्नास टक्के सवलत, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. उमरग्याच्या पुढं तलमोड गेलं की कर्नाटक लागतं, तिथून पुढं पूर्ण भाडं. म्हणून तुमच्या तिकिटात अलीकडचं अर्धं आणि पलीकडचं पूर्ण असं मिळून आलं. विजापूरला जाताना पण तसंच, टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की हद्द संपली. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांची अर्ध्या तिकिटाची सवलत आणि ७५ च्या वरच्यांचा फुकट प्रवास, ते पण हद्दीपर्यंतच. पंचाहत्तरीच्या आजोबांना घेऊन जाताना घरचे म्हणतात यांचं तिकीट नाही, आणि गाडीत पैसे द्यायची वेळ आली की वाद होतो, तर ते आधीच माहीत असू द्या आणि आधार कार्ड मूळ जवळ ठेवा.

याच्यात अजून एक गोंधळ होतो. कर्नाटकात शक्ती योजना आहे ११ जून २०२३ पासून, तेलंगणात महालक्ष्मी आहे ९ डिसेंबर २०२३ पासून, दोन्हीकडं बायकांना फुकट. पण ते तिथल्या रहिवासी बायकांना, तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून, आणि साध्या गाड्यांत. आपलं आधार सोलापूरचं, आपल्याला ते लागू नाही. हैद्राबादच्या रस्त्यावर गंमत अशी की एका प्रवासात तीन राज्यं लागतात, महाराष्ट्र, मग कर्नाटकचा बिदर जिल्हा, मग तेलंगणा, आणि तिन्हींच्या योजना वेगळ्या. शेजारच्या सीटवरची जहिराबादची बाई कदाचित फुकट बसलेली असेल आणि तुम्ही पैसे दिलेले असतील, तर कंडक्टरवर रागावू नका, त्याच्या मशीनमध्ये टप्पे आधीच भरलेले असतात.

प्रश्न : काका, मी जुळे सोलापूरचा. बंगळूरला पहिला जॉब लागलाय, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीला. एकटा चाललोय, आईला फार काळजी लागलीय, बातम्यांमध्ये स्लीपर जळालेल्या बघितल्यापासून ती म्हणते ट्रॅव्हल्सनं जाऊच नको. ॲपवर पंधरा-वीस गाड्या दिसतात, कुठली निवडायची काहीच कळत नाही. एक साडेनऊ तासात पोचवते म्हणतेय, ती घेऊ का?

बाळा, अभिनंदन आधी. आणि आईचं ऐकून घे, तिची काळजी खोटी नाही.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूरहून हैद्राबादला जाणारी एसी गाडी महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ जळाली, ४५ माणसं गेली. आपल्याकडं १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ २५. परत २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हैद्राबादहून बंगळूरला निघालेली कर्नूलजवळ. आणि यात नुसती आग हे कारण नसतं, आगीतून माणूस बाहेर का येऊ शकला नाही हे बघावं लागतं. समृद्धीवरची गाडी डाव्या अंगावर पडली, दार डाव्या बाजूलाच असतं, ते खाली दाबलं गेलं, जी वाचली ती काच फोडून वाचली. म्हणून गाडी कुठली का असेना, बसल्या बसल्या दोन मिनिटं उभं राहून बघून घ्यायचं की दाराशिवाय बाहेर जायची वाट कुठं आहे.

मी हे कसं बघतो ते सांगतो. हल्लीच एका स्लीपरनं गेलो, आत गेल्यावर मागं चालत गेलो, संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीपाशी. खिडकी होती, वर लाल अक्षरात लिहिलेलं पण होतं, पण तिच्या तोंडाशी ब्लँकेटचा ढीग लावलेला, पार कमरेपर्यंत. बाजूला हातोडीचा लाल क्लिप होता आणि क्लिपमध्ये हातोडी नव्हती. क्लीनरला बोलावलं, विचारलं, तो म्हणाला लोकं चोरून नेतात काका म्हणून आम्ही केबिनमध्ये ठेवतो. केबिन म्हणजे गाडीच्या पार पुढं, आणि मागं आग लागली तर मागच्यानं पुढं जाऊन हातोडी आणायची का? त्याला म्हटलं बाळा आत्ता आण. पोरगं वाईट नव्हतं, गेलं, टूलबॉक्समधून पान्याच्या खालून काढून आणली, ब्लँकेट पण उचलून दुसरीकडं ठेवली. सांगितलं की करतात, कुणी सांगतच नाही हा प्रश्न आहे. तू पण तसंच कर, लाजू नको. पडदा ओढायच्या आधी आपल्या बर्थपासून सगळ्यात जवळची फुटणारी काच कुठली ते बघून ठेव, मोबाईल आणि बूट हाताशी.

आता साडेनऊ तासाचं. सोलापूर ते बंगळूर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, विजापूर, इलकल, होस्पेट, चित्रदुर्ग, तुमकूर असा रस्ता. बसला वेग आवरायला गव्हर्नर असतो, ८० वर बांधलेला. सव्वासहाशेला ऐंशीनं भाग, जवळजवळ आठ तास नुसतं पळणं झालं, एक सेकंद न थांबता. त्यात टोल, जेवण, डिझेल, विजापूरच्या आत माणसं चढणं-उतरणं, तुमकूरनंतरची गर्दी. साडेनऊ तास म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर गव्हर्नर काढून पळवतोय, दोन्ही आपल्याला नको. अकरा-बारा तास म्हणणारा निवड. आणि एवढ्या रस्त्याला ड्रायव्हर दोन पाहिजेत, मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता २०२५ पर्यंत, तो पण दिवसाला आठ तासच काम म्हणायचा. बुकिंग ऑफिसला फोन करून सरळ विचार, दुसरा ड्रायव्हर कुठं चढतो? जो दोन ड्रायव्हर ठेवतो तो लगेच सांगतो, विजापूरला चढतो नाहीतर गाडीतच झोपतो. जो ठेवत नाही तो म्हणतो तुम्ही काळजी करू नका. असं उत्तर आलं की दुसरी गाडी बघ.

ॲपवरचे तारे आणि फोटो मी फार धरत नाही, फोटो कंपनीच्या नव्या गाडीचा असतो आणि येते ती कुठली तरी वेगळीच. गाडी नंबर कळला की सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाक, फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, दिसतं. नंबर सुटायच्या दोन-तीन तास आधी मेसेजमध्ये येतो. पुष्कळ गाड्यांच्या पाट्या नागालँड, अरुणाचल, दमणच्या असतात, एनएल, एआर, डीडी अशा. तिकडं टॅक्स कमी म्हणून मालक तिकडं नोंदणी करतात, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असलं की गाडी देशभर चालते. नुसत्या पाटीवरून गाडी वाईट म्हणता येत नाही. पण जी गाडी इथल्या रस्त्यावर पळते तिचे कागद शेकडो-हजारो किलोमीटर लांबच्या ऑफिसात, हे मला मनापासून पटत नाही, त्यामुळं अशा पाटीची असेल तर फिटनेसची तारीख न बघता चढू नकोस.

पहिल्यांदा एकटा जातोयस तर कर्नाटकच्या महामंडळाच्या गाड्या बघ. सोलापुरातून सरळ नाही मिळाली तर विजापूरपर्यंत एसटीनं जा, शंभर किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तिथून रात्रीची धर. त्यांच्या गाड्यांची नावं माहीत असली की निवडायला सोपं जातं. ऐरावत म्हणजे एसी, बसायच्या सीटची. अंबारी म्हणजे एसी स्लीपर. राजहंस म्हणजे पुशबॅक पण बिनएसी, आणि पल्लक्की ही बिनएसी स्लीपर. तुझ्या वयाला राजहंस पण चालेल. सरकारी गाडी म्हणजे सगळं चांगलंच असं मी म्हणणार नाही, सीट फाटलेली पण मिळेल, पण सुटायची जागा आणि पोचायची जागा बदलत नाही, आणि काही झालं तर जाऊन विचारायला एक आगार असतं, आगारात माणूस असतो.

सोलापुरात कुठं चढायचं ते पण नीट बघ. पुण्याहून विजापूरकडं जाणारी गाडी आता केगावहून हत्तूरकडं बायपासनं बाहेरच्या बाहेर निघू शकते. तू विजापूर रोडवर सैफुलला उभा आणि गाडी बायपासनं गेली असं नको व्हायला. तिकिटावर नुसतं सोलापूर लिहिलं असेल तर फोन करून विचार, विजापूर रोडला येते का. आणि तिकडं इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी, गाडी मडिवाळ, सिल्क बोर्डपर्यंत जात असेल तर तिथं उतर. जात नसेल तर पीण्या भागात उतरून हिरवी मेट्रो धर, आर. व्ही. रोडला बदलून पिवळी, ती लाइन २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीवरूनच जाते. सकाळी बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये अडकण्यापेक्षा हे लवकर होतं.

प्रश्न : बाळ्याहून लिहितोय. माझं काम हुमनाबादला असतं. ट्रॅव्हल्सवाले म्हणतात हैद्राबादचं पूर्ण तिकीट काढा, हुमनाबादला स्टॉप नाही. समोरून गाडी जाते तरी का थांबवत नाहीत?

दादा, परवान्याचा फरक आहे. एसटीचा परवाना टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबत, माणसं चढवत-उतरवत, टप्प्याप्रमाणे पैसे घेत जायचं. दुसऱ्या राज्यात एसटी जाते ती दोन राज्यांच्या आपसातल्या करारावर, कुठल्या रस्त्यावर त्यांच्या किती फेऱ्या, आपल्या किती, हे सगळं ठरलेलं असतं. ट्रॅव्हल्सचा परवाना कंत्राटी, इथून उचलायचं आणि तिथं सोडायचं, कायद्यानं वाटेत एकेक माणूस चढवायला-उतरवायला त्यांना परवानगी नाही. प्रत्यक्षात चढवतात-उतरवतात, हे सगळ्यांना माहितीय, पण ते स्टँडवर जाऊ शकत नाहीत म्हणून पूल, पेट्रोल पंप, ढाबा अशा जागी थांबतात. पहिल्या पत्रातल्या ताईंना मी जे उतरायच्या जागेचं एवढं सांगितलं त्याचं मूळ इथंच आहे. तुम्ही हैद्राबादची एसटी नाहीतर कर्नाटकच्या महामंडळाची गाडी धरा, हुमनाबाद स्टँडच्या आत उतराल आणि तेवढ्याच रस्त्याचे पैसे द्याल.

प्रश्न : दिवाळीत हैद्राबादहून सोलापूरला यायला ट्रॅव्हल्सनं तिप्पट पैसे घेतले. याला काही नियम आहे का?

महाराष्ट्रात आहे. २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे, त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त खासगी कंत्राटी गाडीनं घ्यायचं नाही. जादा घेतले तर तिकिटाचा फोटो जोडून आरटीओकडं लेखी तक्रार करा, तोंडी नको, आणि पोच घ्या. गाडी दुसऱ्या राज्यातून सुटली की आपल्या आरटीओकडून लगेच काही होईल अशी आशा धरू नका. खरा उपाय म्हणजे परतीचं तिकीट जायच्या तिकिटासोबतच काढणं, आणि महामंडळाच्या जादा गाड्या सणाला सुटतात त्यावर लक्ष ठेवणं.

प्रश्न : माझा टॉवेल-चादरीचा छोटा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माझ्यासोबत दोन गठ्ठे ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून हैद्राबादला नेले तर चालेल का?

नका नेऊ. ती माणसं वाहायची गाडी आहे. माल पन्नास हजाराच्या वर गेला तर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जाताना तर नक्की, आणि रात्री दोनला तलमोडच्या आसपास गाडी अडवून डिकी उघडली की तुमच्या दोन गठ्ठ्यांसाठी चाळीस माणसं खोळंबणार. मालाला ट्रान्सपोर्ट करा, बिल करा, सोबत फक्त सॅम्पलची पिशवी न्या.

प्रश्न : काका, सासर विजापूरचं, माहेर सोलापूर. दर महिन्याला ये-जा असते. मध्ये भाषेवरून काही झालं आणि गाड्या बंद पडल्या तेव्हा मी लहान बाळाला घेऊन विजापूर स्टँडवर अडकले होते. परत असं झालं तर काय करायचं?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडं वाद झाला, दोन्हीकडच्या गाड्यांवर आणि माणसांवर हल्ले झाले, त्यानंतर आपली एसटी कर्नाटकात जायची काही दिवस थांबली होती. त्याआधी २०२२ च्या डिसेंबरात पण झालं होतं. यात ना तुमची चूक, ना ड्रायव्हर-कंडक्टरची. आपल्याकडं अर्ध्या घरात कन्नड बोलतात, तेलुगू बोलतात, सोयरिकी हद्दीच्या दोन्ही बाजूला आहेत, आणि मार खातो तो खाकीतला गरीब माणूस. मी ते कपडे घातलेत म्हणून मला ते फार लागतं.

अशा वेळी करायचं काय, तर पहिलं म्हणजे रेल्वे. विजापूरहून होटगीमार्गे सोलापूरला रेल्वे आहे, बस बंद असली तरी ती चालू असते. त्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा आत्ताच एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, ऐनवेळी मोबाईलला रेंज नसते नाहीतर बॅटरी संपलेली असते. दुसरं, गाड्या पूर्ण बंद नसतात बऱ्याचदा, आपली एसटी टाकळीपर्यंत येते आणि त्यांची गाडी भीमेच्या पलीकडं धूळखेडपर्यंत, मधला पूल माणसं चालत नाहीतर रिक्षानं ओलांडतात. पण बाळ सोबत असताना ते करू नका, रेल्वेच धरा. निघायच्या आधी दोन्हीकडच्या स्टँडवर चौकशी खिडकीला फोन करा, नंतर घरून निघा, आणि तिकीट आगाऊ काढलेलं असेल आणि फेरी महामंडळानंच रद्द केली असेल तर पूर्ण पैसे परत मागा.

आणि विजापूर स्टँडवर परत कधी अडकलात तर बाहेर रस्त्यावर थांबू नका. आत वाहतूक नियंत्रकाची खोली असते, काचेची, बाहेर फलकावर गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या. तिथं जा आणि सांगा लहान बाळ आहे. कन्नडमध्ये सांगायला येत असेल तर कन्नडमध्ये, नाहीतर मराठीत सांगा, त्यांना समजतं. पंखा असतो, बसायला बाकडं असतं आणि सोलापूरची पहिली गाडी कधी सोडायची ते त्याच टेबलावर ठरतं.